अमेरिकेच्या स्पाऊस व्हिसाच्या फाईलमध्ये चूक सापडली तर काय करायचं

पहिली गोष्ट, चूक दिसली म्हणून लगेच दुसरी आय-१३० (जोडीदारासाठी भरायची पिटिशन) भरून पाठवू नका. रात्री अकराला सबमिट केलेली पीडीएफ चाळताना बायकोच्या जन्मतारखेत गडबड दिसते, पोटात गोळा येतो आणि सकाळपर्यंत नवीन पिटिशन फी भरून गेलेलीसुद्धा असते (एप्रिल २०२४ पासूनचे दर ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी ६७५, म्हणजे गंमत नाही). मग एकाच जोडप्याच्या दोन फायली फिरत बसतात आणि कुठली धरायची हे समजावण्यातच वेळ जातो. बहुतेक चुका चालू फाईलमध्येच दुरुस्त होतात, फक्त योग्य ऑफिसला योग्य पद्धतीने सांगावं लागतं.

हे सगळं मी अशा जोडप्यांसाठी लिहितोय की एक जण अमेरिकेत आहे, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला, आणि दुसरा भारतात आहे आणि इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटला होणार आहे. दोघंही अमेरिकेतच असाल तर तुमचा रस्ता थोडा वेगळा, पण नावं-तारखांचा भाग तुम्हालाही लागू आहे.

आधी फाईल कुठे आहे ते बघा

तीन टप्पे असतात. आय-१३० मंजूर होईपर्यंत फाईल यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, मग ती एनव्हीसीला म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरला जाते, आणि कागद पूर्ण झाले की मुंबईला. दुरुस्ती फक्त तेच ऑफिस करतं ज्याच्याकडे आत्ता फाईल आहे, बाकीचे दोघं "आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर देतील. लोक यूएससीआयएसमध्ये केस असताना मुंबई कॉन्सुलेटला पाच-पाच मेल टाकतात आणि मग म्हणतात कोणी दखल घेत नाही. ओळखायचं कसं तर शेवटचा नंबर कुठला आलाय ते बघा, यूएससीआयएसचा रिसीट नंबर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा असतो (आयओई वगैरे), आणि एनव्हीसीने मुंबईसाठी दिलेला केस नंबर बीएमबी ने सुरू होतो.

दुसरा प्रश्न चूक कोणाची. तुम्ही फॉर्ममध्ये चुकीचं टाईप केलंत, का तुम्ही बरोबर दिलंत आणि त्यांनी नोटिशीवर चुकीचं छापलं, का मुळात जन्मदाखल्यातच घोळ आहे. ह्या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि तिसरा प्रकार सगळ्यात जास्त वेळ खातो, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

यूएससीआयएसच्या टप्प्यावर

रिसीट नोटीस म्हणजे आय-७९७सी आली की त्याच दिवशी दोघांचीही नावं, जन्मतारीख, प्रायोरिटी डेट आणि पत्ता वाचून काढा. त्यांची छपाईची चूक असेल तर त्यांच्या साइटवर ई-रिक्वेस्टमध्ये टायपोग्राफिक एररचा वेगळा पर्याय आहे, फुकट आहे, तिथे रिसीट नंबर टाकून काय छापलंय आणि काय हवं एवढं लिहायचं. प्रायोरिटी डेटकडे ग्रीन कार्डवाल्यांनी विशेष लक्ष द्या कारण तुमचा नवरा किंवा बायको एफ२ए म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांच्या रांगेत आहे आणि त्या रांगेतली जागा त्याच तारखेवर ठरते.

चूक तुमची असेल तर ऑनलाइन भरलेला फॉर्म सबमिट झाल्यावर परत उघडत नाही, पण अकाउंटमध्ये केसच्या आत अनसॉलिसिटेड एव्हिडन्स नावाची अपलोडची जागा असते, तिथे एक पत्र आणि पुरावा टाकायचा. कागदी फाईल असेल तर तेच पत्र रिसीटची कॉपी वर लावून नोटिशीवरच्या पत्त्यावर पाठवा.

पत्र एका पानाचं पुरे. रिसीट नंबर, फॉर्मचा कुठला भाग आणि कितवा प्रश्न, तिथे काय लिहिलं गेलं, काय लिहायला हवं होतं, आणि कुठला कागद त्याचा पुरावा म्हणून जोडलाय. खाली पिटिशनरची म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदाराची सही आणि तारीख. बस. लग्न कसं ठरलं, फॉर्म भरताना किती टेन्शन होतं, हे काही लिहू नका, वाचणारा माणूस फक्त प्रश्न क्रमांक शोधत असतो. आणि फॉर्मचं पान परत भरून जुन्याच्या जागी गुपचूप पाठवायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, जुनं पान फाईलमध्येच राहतं आणि मग दोन वेगळी पानं दिसतात ज्यांचा खुलासा कुठेच नाही.

एक चूक मात्र साधी दिसते आणि महिने खाते. आय-१३० च्या चौथ्या भागात विचारतात की बेनिफिशियरी म्हणजे ज्याच्यासाठी अर्ज आहे तो जोडीदार अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड घेणार (ॲडजस्टमेंट) का बाहेरच्या कॉन्सुलेटमध्ये व्हिसा घेणार. काही जण दोन्ही भरतात, "असू दे, दोन्ही ऑप्शन राहतील" म्हणून, किंवा चुकून अमेरिकेतल्या ऑफिसचं शहर टाकतात. मग पिटिशन मंजूर होते पण फाईल एनव्हीसीला जायच्या ऐवजी यूएससीआयएसमध्येच पडून राहू शकते, आणि तुम्ही इकडे एनव्हीसीच्या वेलकम लेटरची वाट बघत बसता. मंजुरीच्या आधी लक्षात आलं तर वरच्यासारखं पत्र टाका, मंजुरीनंतर लक्षात आलं तर अप्रूव्हल नोटीस नीट वाचा, त्यात फाईल एनव्हीसीला पाठवली का ठेवून घेतली ते लिहिलेलं असतं. ठेवून घेतली असेल तर आय-८२४ हा फाईल पुढे पाठवायला सांगणारा वेगळा फॉर्म वेगळी फी भरून करावा लागतो. म्हणून बाकी काही नाही तरी हा एक प्रश्न सबमिट करायच्या आधी दोघांनी बसून वाचा.

आय-१३०ए म्हणजे जोडीदाराच्या माहितीचा जोडफॉर्म, त्यावर पण बरेच जण अडकतात. भारतात असलेल्या जोडीदाराची त्यावर सही लागत नाही, पण फॉर्म भरून जोडावा लागतोच, सही नको म्हणजे फॉर्म नको असा अर्थ काढू नका.

पाकीटच परत आलं तर घाबरू नका, ते रिजेक्शन म्हणजे फाईल न घेता परत करणं आहे, डिनायल म्हणजे नकार नाही. सही राहिली, फी चुकली, किंवा फॉर्मची एडिशन जुनी होती की परत येतं. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं, फक्त पहिल्या वेळची तारीख मिळत नाही. एडिशनची तारीख फॉर्मच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात असते आणि सगळी पानं एकाच एडिशनची लागतात, म्हणजे मागच्या वर्षी डाउनलोड करून ठेवलेला फॉर्म आणि ह्या वर्षीचं शेवटचं पान अशी खिचडी चालत नाही.

आरएफई म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस आली तर जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, पोस्टाने आली असेल तर थोडे वरचे, पण तुम्ही नोटिशीवर छापलेली तारीखच धरा, आणि ती तारीख त्यांच्या हातात पोचायची आहे, तुम्ही कुरियरला द्यायची नाही. मुदतवाढ मिळत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, जे जे मागितलंय ते एकाच वेळी पाठवायचं, आज अर्धं आणि पुढच्या महिन्यात अर्धं असं चालत नाही कारण पहिलं पाकीट पोचलं की तेच तुमचं उत्तर धरून निर्णय घेतात. एखादा कागद मिळतच नसेल तर तो का मिळत नाही ह्याचा पुरावा आणि बदली कागद त्याच पाकिटात. एनओआयडी म्हणजे नाकारण्याचा इरादा कळवणारी नोटीस आली तर फक्त ३० दिवस असतात आणि तिथे मी तरी वकिलाशिवाय उत्तर देणार नाही.

नावांचा घोळ, म्हणजे आपला खास विषय

अमेरिकन फॉर्मला फर्स्ट, मिडल, लास्ट असं हवं असतं आणि आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. जन्मदाखल्यावर नुसतं मुलीचं नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी मग नाव मग वडिलांचं, लग्नाच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं दोन्ही एकत्र. हे पाच कागद बघून लोकांना वाटतं आपली केस गेली. तसं काही नाही, मुंबईच्या कॉन्सुलेटला अशी नावं रोजचीच आहेत.

नियम एकच ठेवा, पासपोर्ट जसा छापलाय तसंच्या तसं मुख्य नाव, आणि बाकी जिथे जिथे जे नाव आहे ते सगळं "अदर नेम्स यूज्ड" मध्ये. माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, एखाद्या कागदावरचं वेगळं स्पेलिंग, सगळं. तो रकाना रिकामा सोडणं ही खरी चूक, नावं वेगळी असणं नाही.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असंही काही नाही, व्हिसासाठी तर अजिबात नाही. त्रास होतो तो अर्धवट बदलल्यावर, आधार बदललं, पॅन राहिलं, आणि प्रोसेसच्या मधेच कोणीतरी म्हणालं म्हणून पासपोर्ट रिन्यू करून नवीन नाव घेतलं. बदलायचंच असेल तर आय-१३० च्या आधी बदला, नाहीतर सरळ अमेरिकेत पोचल्यावर बघा. मधेच पासपोर्ट बदलला गेलाच असेल तर फाईल ज्यांच्याकडे आहे त्यांना नवीन पासपोर्टची कॉपी पाठवा, आणि इंटरव्ह्यूला जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि लग्नाचं सर्टिफिकेट तिन्ही न्या. गॅझेट केलं असेल तर तेही.

पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर अमेरिकन व्हिसावर गिव्हन नेम आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) छापतात. मग ड्रायव्हिंग लायसन्सपासून बँकेपर्यंत तुमचं पहिलं नाव एफएनयू. हे प्रोसेस सुरू व्हायच्या आधी पासपोर्ट ऑफिसमध्ये सुधारून घेण्यासारखं आहे, इथे आळस करू नका.

स्पेलिंगची एक युक्ती, म्हणजे युक्ती नाही, साधी काळजी. जन्मदाखला किंवा लग्नाचं सर्टिफिकेट फक्त मराठीत असेल तर त्यावर इंग्रजी स्पेलिंग असतच नाही, ते ठरवतो ट्रान्सलेटर. त्याने "दीपाली" मध्ये डबल ई लावला आणि पासपोर्टवर एकच आय आहे की झाला नसलेला घोळ तयार. म्हणून ट्रान्सलेटरला आधीच पासपोर्टची कॉपी द्या आणि सांगा नावाचं स्पेलिंग ह्याप्रमाणे. ट्रान्सलेशनच्या खाली त्याचं स्टेटमेंट हवं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि त्याला दोन्ही भाषा येतात, नाव, सही, तारीख. यूएससीआयएसला नोटरी लागत नाही. शिक्के आणि समासातली टिपणं सुद्धा भाषांतरात आली पाहिजेत, तेवढ्यावरून परत येतं.

१ जूनचा वाढदिवस

मागच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेली मंडळी आपल्यात कमी नाहीत, आणि ते फक्त आजोबांच्या पिढीपुरतं राहिलेलं नाही. शाळेचा दाखला १ जून, त्यावरून पासपोर्ट १ जून, आणि ग्रामपंचायतीतून जन्मदाखला काढला तर तिसरीच तारीख. ही टायपिंगची चूक नाही, दोन सरकारी कागद दोन तारखा सांगतायत, त्यामुळे "अधिकारी समजून घेईल" वर सोडू नका. दोनच रस्ते, एकतर पासपोर्टवर खरी तारीख करून घ्यायची, त्याला पासपोर्ट ऑफिस पुरावे मागतं आणि वेळ जातो, म्हणून पिटिशनच्या आधी. नाहीतर पासपोर्टची तारीख फॉर्मवर ठेवून दुसऱ्या तारखेचं कारण ॲफिडेव्हिटमध्ये आई-वडिलांपैकी कोणीतरी किंवा जन्म माहिती असलेल्या मोठ्या नातेवाईकाने लिहून द्यायचं, सोबत शाळा सोडल्याचा दाखला. मला पहिला रस्ता जास्त बरा वाटतो, कारण ती तारीख पुढे ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी सगळीकडे जाणार आहे.

जन्मदाखल्यात स्पेलिंग किंवा आईचं नाव चुकलं असेल तर जिथे नोंद आहे त्याच निबंधकाकडे जायचं, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्तीची सोय आहे (कलम १५). दाखल्यावर बाळाचं नावच नसेल तर नाव घालून नवीन प्रत घ्या. नोंदच सापडत नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, आणि जोडीला शाळा सोडल्याचा दाखला व ॲफिडेव्हिट्स. एजंट "दोन दिवसांत नवीन दाखला काढून देतो" म्हणाला तर लांब राहा, खोटा दाखला ही चूक राहत नाही, ते वेगळंच प्रकरण होतं.

जन्मगाव एका कागदावर गाव आणि दुसऱ्यावर तालुका असेल तर एक ओळीचा खुलासा पुरतो. बॉम्बे आणि मुंबई वेगळं लिहिलंय म्हणून कोणी अडवत नाही.

आणि हो, तारखेचा फॉरमॅट. अमेरिकेत महिना आधी. ५ ऑगस्टची ८ मे होते आणि दोन्ही खऱ्या तारखा असल्यामुळे कॉम्प्युटर काही बोलत नाही. जन्म, लग्न, आधीचा घटस्फोट, नोकरी सुरू झाल्याची तारीख, जिथे दिवस १२ किंवा त्याच्या आतला आहे ती प्रत्येक तारीख महिना मोठ्याने बोलून तपासा.

एनव्हीसी आणि डीएस-२६०

डीएस-२६० म्हणजे इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, तो सबमिट केला की लॉक होतो. तो उघडून हवा असेल तर एनव्हीसीच्या पब्लिक इन्क्वायरी फॉर्मवरून विनंती करायची, केस नंबर टाकून. पण प्रत्येक गोष्टीसाठी नको, २०१६ मधल्या भाड्याच्या घराचा पिनकोड चुकला म्हणून फॉर्म उघडायला लावलात तर नुसता वेळ जाईल, ते इंटरव्ह्यूला तोंडी सांगितलं तरी अधिकारी बदलतो. नाव, जन्मतारीख, आधीचं लग्न, मुलं, आणि शेवटची "तुम्ही कधी..." वाली प्रश्नांची मालिका, ह्यात चूक असेल तर मात्र आधीच उघडून घ्या.

कागद नाकारले तर सीईएसी ह्या व्हिसाच्या पोर्टलवर कारण दिसतं. नेहमीची कारणं म्हणजे मागची बाजू स्कॅन केली नाही, घटस्फोटाच्या डिक्रीचं फक्त पहिलं पान टाकलं, फोटो अंधुक, पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) पासपोर्ट ऑफिसच्या ऐवजी लोकल पोलीस स्टेशनचं. दुरुस्त करून टाकलं की फाईल पुन्हा तपासणीच्या रांगेत जाते, म्हणून एक कागद दुरुस्त करताना बाकीचे पण परत बघून घ्या.

आय-८६४ म्हणजे जोडीदाराच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म, त्यातल्या चुकांवर वेगळा लेख होईल, इथे थोडक्यात. सही राहते, हाउसहोल्ड साइझमध्ये बायको दोनदा मोजली जाते (एकदा इमिग्रंट म्हणून, एकदा स्पाऊस म्हणून) आणि मग गरिबीरेषेच्या १२५ टक्क्यांची इन्कमची रेषा उगाच वर सरकते, आणि जॉइंट स्पॉन्सर (हमी देणारा दुसरा माणूस) घेतला म्हणून पिटिशनर स्वतःचा आय-८६४ देतच नाही. उत्पन्न शून्य असलं तरी पिटिशनरचा लागतोच.

एनव्हीसीची केस थंड पडू देऊ नका, वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते. घरगुती अडचणीमुळे थांबायचं असेल तरी एक चौकशीचा मेसेज टाकून ठेवा.

मुंबईचा इंटरव्ह्यू आणि नंतर

राहिलेल्या सगळ्या चुका एका कागदावर लिहून न्या आणि शपथ झाली की अधिकाऱ्याने विचारायच्या आधी तुम्हीच सांगा, "फॉर्ममध्ये ह्या दोन ठिकाणी दुरुस्ती आहे". आधी सांगणं आणि पकडल्यावर सांगणं ह्यात फार फरक आहे. हे विशेषतः जुन्या व्हिजिटर किंवा स्टुडंट व्हिसाच्या फॉर्मशी जुळत नसलेल्या माहितीबद्दल, तेव्हा सिंगल लिहिलं होतं आणि लग्न त्याच्या आधीचं निघालं असं काही असेल तर ते टायपिंग मिस्टेक म्हणून खपवायचा प्रयत्न करू नका. जाणूनबुजून दिलेली महत्त्वाची खोटी माहिती ठरली तर कायमची बंदी लागू शकते आणि मग आय-६०१ वेव्हरच्या (बंदी माफ करण्याच्या अर्जाच्या) मागे धावावं लागतं. असं काही पोटात असेल तर इंटरव्ह्यूच्या आधी इमिग्रेशन वकील, व्हॉट्सॲप ग्रुप नाही.

हातात २२१जी ची चिठ्ठी मिळाली तर ते अजून कागद हवेत एवढंच असतं बहुतेक वेळा. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच आणि तसंच द्या, एक वर्षाच्या आत, नाहीतर व्हिसाचा अर्ज आणि फी परत पहिल्यापासून.

पासपोर्ट परत आला की तिकीट काढायच्या आधी व्हिसाचं पान वाचा. नाव, जन्मतारीख, आणि कॅटेगरी. चूक असेल तर कॉन्सुलेटला लगेच कळवा आणि दुरुस्त होईपर्यंत उडू नका. कॅटेगरीचं असं की अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सीआर१, झाली असतील तर आयआर१ (हे सिटिझनच्या जोडीदारासाठी). व्हिसा सीआर१ छापलाय पण तुम्ही दुसऱ्या वाढदिवसानंतर, म्हणजे लग्नाच्या, उतरताय तर विमानतळावरच्या सीबीपी म्हणजे सीमा तपासणीच्या अधिकाऱ्याला लग्नाचं सर्टिफिकेट दाखवून सांगा, तो आयआर१ म्हणून एंट्री देऊ शकतो. नाही सांगितलंत तर दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड येतं आणि त्यावरची अट काढायच्या आय-७५१ चं काम उगाच मागे लागतं.

ग्रीन कार्ड आल्यावर त्यावर चूक असेल तर आय-९० हा कार्ड बदलून घ्यायचा फॉर्म. त्यांची चूक असेल तर फी नाही, कारण निवडताना डीएचएसची (म्हणजे खात्याची) चूक हाच पर्याय घ्या आणि चुकीचं कार्ड सोबत पाठवा, पाठवायच्या आधी दोन्ही बाजूंचा स्कॅन काढून ठेवा. फॉर्ममध्ये तुम्हीच चुकीचं दिलं होतं आणि तेच छापलं गेलं तर फी तुमची.